उलथन्याचं वळण

"बाहेर व्हा बघू सगळे. तवा तापलाय."

ओढणी कमरेला खोचत हेमांगीनं चाचणीच्या स्वयंपाकघरातून सगळ्यांना पिटाळलं. विभागातल्या पोरापोरींना याची सवय होती. प्राध्यापक हेमांगी कुंभोजकर म्हणजे विद्यापीठाच्या टिकाऊ वस्तुरचना विभागाची प्रमुख, भरल्या सभागृहासमोर बिनदिक्कत बोलणारी बाई. पण तव्यासमोर उभी राहिली की आसपास चिटपाखरू खपायचं नाही. घरीही तीच तऱ्हा. नवरा श्रीधर लग्नानंतर आठवड्याभरात शहाणा झाला होता. चहा हवा असला तर तो दाराबाहेरूनच मागायचा. हा स्वभाव हेमांगीला आईकडून आलेला. थालीपिठं लावताना कुणी नुसतं डोकावलं तरी आई खेकसायची, "बाहेर हो! तवा जळतोय!"

आज मात्र एकटं राहायला आणखी एक कारण होतं. हातातलं उलथनं नवं कोरं होतं, कालच ओतशाळेतून आलेलं. पण त्याच्या पात्याची कड घेतली होती ती तिच्या आईच्या जुन्या उलथन्यावरून. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. आज पुन्हा तिचा हात हातात धरायचा म्हणजे डोळे भरून येणार, आणि ते काही पोरांसमोर नको होतं.

थालीपिठाच्या कडा सुटल्या. तिनं पातं खाली सरकवलं, मनगट वळवलं आणि थालीपीठ अख्खंच्या अख्खं उलटलं. कुठं चीर नाही, कुठं कड मोडलेली नाही. धण्याजिऱ्याचा खरपूस वास खोलीभर झाला. थेट आईच्या हातचं.

आणि हेमांगीनं उलथनं उचलून उजेडात धरलं.

कारण आईच्या उलथन्यानं तिचं थालीपीठ जन्मात कधी धड उलटलं नव्हतं. आईनं शेवटच्या आजारपणात ते तिच्या हाती दिलं, तेव्हापासून तिनं किती वेळा प्रयत्न केला होता! दर वेळी पातं अडायचं, पीठ फाटायचं आणि तव्यावर नुसता चिवडा व्हायचा. "सासूबाईंचा हातगुण तुझ्यात काही उतरला नाही बघ," असं श्रीधर दाराबाहेरून चिडवायचा आणि तीही हसून मान्य करायची. शेवटी ते उलथनं खिळ्याला टांगलं ते टांगलंच. मग आज हे इतकं शहाण्यासारखं कसं वागलं? हा आईचाच हात असेल, तर तो माझं कसं ऐकतो?

आता हे कडेचं प्रकरण काय आहे, ते आधी सांगायला हवं.

परतीचा कायदा येऊन काही वर्षं झाली होती. माणसानं वस्तू टाकली की ती जिथं घडली त्या कारखान्याच्या दारात परत जायची आणि तिची विल्हेवाट लावायचा भुर्दंड कारखानदाराच्या माथी बसायचा. झालं! 'वापरा आणि फेका' म्हणत आलेले लोक टिकाऊपणाचे भक्त झाले आणि विद्यापीठाच्या पायऱ्या झिजवू लागले. त्यांना न मोडणाऱ्या वस्तू हव्या होत्या. त्या देणं फारसं अवघड नव्हतं. पण हेमांगीनं शहराचा कचरा चाळून पाहिला तेव्हा भलतंच निघालं. लोक मोडक्या वस्तूंपेक्षा धडधाकट वस्तूच जास्त टाकत होते, कारण त्यांच्यात कुणाचा जीव अडकलेला नव्हता. उलट काही घरांत दांडा हलणारी पळी, टवका उडालेला पोळपाट असलं काहीबाही पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेलं. का ठेवलंत, म्हणून विचारलं की बायका म्हणायच्या, "हाताला बसलंय हो."

त्या एवढ्याशा वाक्यापायी हेमांगीनं उमेदीची वर्षं घातली. लोखंडी उलथनं तव्यावर घासताना रोज डोळ्याला दिसणार नाही इतकं झिजतं. पण झिजतं ते वापरणाऱ्या हाताच्या ढंगानं. उजव्या हाताचं माणूस पातं उजवीकडून डावीकडे सरकवतं, म्हणून पात्याचा डावा कोपरा आधी झिजतो. कुणी मनगट कलतं धरतं, कुणी दाब देतं, तशी कड तिरकी होते, पातळ होते, गोल होते. पाचपंचवीस वर्षांनी त्या कडेत त्या हाताची सगळी मोडणी उतरलेली असते. हेमांगीच्या विभागानं क्ष-किरणांनी ही झीज वाचायचं यंत्र बांधलं आणि मग भंगारातून ओतलेल्या नव्या उलथन्याला ती झीज पहिल्याच दिवशी द्यायची युक्ती काढली. उलथनं दुकानातून घरी येतानाच हाताला जुनं वाटायचं. आणि हाताला जुनी वाटलेली वस्तू माणूस टाकत नाही. हेमांगीनं मोठ्या हौसेनं त्याचं नाव ठेवलं 'वळण'.

चाचणीसाठी काही घरांत 'वळण' वापरायला दिलं. आठवड्याभरात एक निवृत्त एसटी कंडक्टर उलथनं छातीशी धरून विभागात हजर. "म्याडम, कुनाच्या आईचा हात हाय ह्यो? माझी आई आशीच भाकरी उलटायची बगा." हेमांगीला नमुना ठाऊक होता. तो हायवेवरच्या धाब्यातल्या एका आचाऱ्याचा होता, चांगला मिशाळ गडी. पण म्हाताऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी बघून तिनं तोंड उघडलं नाही. आठवणी अशा घडवून वाटाव्यात का, हा प्रश्न तिला तेव्हा पहिल्यांदा टोचला. तरी काम पुढं जातच राहिलं.

ते थालीपीठ अख्खं उलटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं खिळ्यावरचं आईचं उलथनं पिशवीत घालून पुन्हा विभागात आणलं आणि तबस्सुमच्या टेबलावर नव्याच्या शेजारी ठेवलं. तबस्सुम मुजावर ही तिची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. झीज वाचायचं काम तिच्याकडं असायचं. तोंडानं फटकळ, कामाला चोख.

"बघ जरा," हेमांगी म्हणाली. "नव्याचा डावा कोपरा झिजलाय. आईच्याचा उजवा. हे आरशातल्यासारखं उलटं झालंय."

तबस्सुमनं जीभ चावली. "अगं आई गं! मॅडम, त्याचं काय झालं, वाचनात उजवा कोपरा झिजलेला आला. मला वाटलं, यंत्रात कुणीतरी उलथनं पालथं ठेवलं. म्हणून मी चित्र फिरवून सरळ केलं."

"सरळ केलं म्हणजे?"

"म्हणजे उजव्या हाताचं केलं. आपल्याकडं आलेले सगळे नमुने उजवेच आहेत ना! डावा एकही नाही. मग हा एकटाच डावा कुठनं उगवेल, असं वाटलं." तिनं दोन्ही उलथनी हातात घेऊन निरखली, मानेचा बाक पाहिला आणि आवाज खाली आणला. "पण हे पालथं नव्हतं. मॅडम, तुमच्या आई डावऱ्या होत्या?"

हेमांगीला हसू आलं, पण ते काही खरं हसू नव्हतं. "माझी आई डावरी? बाई गं, माझा डावा हात तिनंच तर मोडला."

मोडला म्हणजे हाडानं नव्हे. हेमांगी लहानपणी डावरी होती. शाळेत घालायची वेळ आली तशी आईनं जुन्या लुगड्याचा काठ फाडला आणि जेवताना, पाटी गिरवताना तिचा डावा हात कमरेला बांधून टाकायला सुरुवात केली. पोर रडायची, उजव्या हातातून घास सांडायचा, अक्षरं उताणी पडायची. आई गाठ सोडायची नाही. "हाताला वळण लागायला पाहिजे," एवढंच म्हणायची. वर्षभरात वळण लागलं. हेमांगी उजव्या हातानं लिहायला लागली, वर्गात पहिली यायला लागली. आईवर तिचा जीव होता. आईनं खस्ता खाऊन शिकवलं हेही ती विसरली नव्हती. पण त्या काठाची गाठ मनातून कधी सुटली नव्हती. स्वतःची मुलं झाल्यावर तर ती आणखीच घट्ट बसली होती.

आणि आपण या वस्तूला नाव ठेवलं 'वळण'! तिला स्वतःचीच कमाल वाटली.

शालनमावशी ही आईची धाकटी बहीण, गडहिंग्लजला लेकाकडं असायची. नव्वदीला टेकली होती, पण आवाज खणखणीत. हेमांगीनं तिला फोन लावला. चेहरा दिसणारा फोन असला तरी मावशी तो कानालाच लावायची, त्यामुळं पडद्यावर नुसता तिचा कान आणि त्यातली मोत्याची कुडी दिसायची.

"मावशी, आई डावरी होती का गं?"

पडद्यावरची कुडी एकदम हलली.

"कोन म्हनलं तुला?"

"तिच्या उलथन्यानं सांगितलं."

"आता उलथनी बी बोलाय लागली व्हय!" मावशी हसली, मग खोकली. "व्हती. डावरीच व्हती मालन. आता सगळी म्हातारी मानसं गेली, लपवू कुनापास्नं? ऐक, सांगतो तुला. पयलं स्थळ आलं तवा हिनं पोह्याची बशी डाव्या हातानं म्होरं केली. पाव्हनं बशी न घेताच उठलं. गावभर बोभाटा झाला बघ, त्यांच्या पोरीचा हात वाकडा हाय म्हनून. मग आमच्या आईनं तिचा हात बांधला. तुझ्या अण्णांचं स्थळ आलं तवर ती उजव्या हातानं वाढाय शिकली हुती. झाकून लगीन केलं, आन्‌ मग जलमभर भ्याली. म्हनून तर सैपाकघरात कुनाला ठरू द्यायची न्हाई. एकटी असली की डावा हात मोकळा करायची."

बाहेर हो! तवा जळतोय! हेमांगीच्या कानांत ती हाक घुमली. अख्ख्या घरानं तो आईचा तापट स्वभाव म्हणून पोटात घातला होता. हेमांगीनं तर तो वारसा म्हणून चालवला होता, आणि आजवर कुणाला का हाकलतोय याचा पत्ताच नव्हता.

"मग माझा हात का बांधला गं तिनं?" तिचा आवाज चढला. "स्वतः सोसलं होतं ना! तिला तर कळायला हवं होतं!"

"कळत व्हतं म्हनूनच बांधला, पोरी," मावशी म्हणाली. "तू डाव्या हातानं चमचा धरलास त्या दिशी ती माझ्याकडं येऊन रडली. म्हनाली, शालन, माझं पोरीत उतरलं गं. आता हिची बशी कोन घेनार?"

मावशीचा कान तसाच पडद्यावर होता आणि पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. "जेवलीस का?" मावशीनं विचारलं, आणि हेमांगीनं हो म्हणून फोन ठेवला. ती जेवली नव्हती.

त्याच आठवड्यात ओतशाळेचे मालक अभय नेजकर साचे ठरवायला विभागात आले. माणूस सरळ होता, बोलणं रोखठोक. हेमांगीनं डाव्या हाताच्या 'वळण'चा विषय काढताच त्यांनी कपाळाला हात लावला.

"मॅडम, डावऱ्यांनी माझं काय घोडं मारलंय असं नाही. पण तुमच्याकडं डावा नमुना एकच. उजव्या हाताचे ढीगभर आहेत, त्यांतून चांगलं ते निवडता येतं. इथं एका कडेवरनं साचा कसा काढू? आणि डावरे उजवं वापरतील की. इतकी वर्षं वापरतातच ना?"

हेमांगीला ते शेवटचं वाक्य जिव्हारी लागलं. तरी पहिल्या मुद्द्यात खोट नव्हती. डावे नमुने मिळाले नव्हते, कारण तिच्या आईच्या पिढीतल्या डावऱ्या बायकांनी आयुष्यभर उजव्या हातानं भांडी झिजवली होती. एकच हात दारामागं लपून डावा राहिला होता. आणि कड सांगते ती फक्त शेवटची गोष्ट. हात तिथवर कसा आला, कुठं दाबत होता, कुठं कलत होता, हे कडेला ठाऊक नसतं, कारण झिजलेलं लोखंड गेलेलंच असतं. ते सगळं एकाच जागी उरलेलं होतं, उलथन्याच्या मानेवरच्या किटणात.

पातं दांड्याला मिळतं तिथं जुन्या उलथन्यावर काळं, चकचकीत किटण चढलेलं असतं. थालीपीठ उलटताना मान तव्याच्या कडेवर टेकते. तिथं तेल जळून पातळसा थर बसतो, त्यावर कडेच्या बारीक खुणा उमटतात आणि दुसऱ्या दिवशी त्यावर नवा थर बसतो. खुणेचा कल पाहिला की हात डावा की उजवा ते कळतं. तिची कमान पाहिली की हात केवढा ते कळतं, आणि खोलीवरून कळतं वजन. वर्षांमागून वर्षं आत निजलेली असतात. ती वाचायची रीत मात्र एकच होती. वरचा थर वाचायचा, मग प्रकाशाच्या धारेनं तो उडवायचा, की खालचा उघडा पडतो. वरून खाली, म्हणजे आजपासून मागं. उडालेला थर काही परत यायचा नाही.

हेमांगीपाशी आईचं म्हणून तेवढंच राहिलं होतं. बिऱ्हाड कधीच मोडलं होतं, लुगड्यांच्या गोधड्या होऊन त्याही विरल्या होत्या. आई सगळी भांडी राखेनं लखलखीत घासायची, पण उलथन्याची मान कधी खरवडायची नाही. लोखंडात तेल मुरू द्यावं, म्हणायची. त्या किटणात तिनं घातलेलं तेल होतं, तिनं चिमटीनं टाकलेली हळद होती. तेच उडवायचं?

"नको देऊस," श्रीधर म्हणाला. तो नेहमीसारखा स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभा होता. "नंतर हळहळत बसशील. मी ओळखतो तुला."

"आता कुणी पोरींचे हात बांधत नाही," हेमांगी आतून म्हणाली. "पण आम्ही वस्तूच अशा करून ठेवणार, की हात आपोआप बांधला जाईल. मीच करणार, अहो. आईच्या हातावरून करणार आणि तो उजवा करून विकणार. तिला आणखी एकदा झाकायचं का?"

चहाचा कप श्रीधरनं त्या दिवशी स्वतः विसळला.

वाचनाला सकाळी सुरुवात झाली. तबस्सुमनं उलथन्याची मान यंत्रात पक्की बसवली, या वेळी विभागातल्या तिघांना दाखवून, पालथी नाही ना म्हणून. समोरच्या पडद्यावर यंत्र खुणांवरून हाताची आकृती काढायचं, फिकट रेघांची.

"मी थांब म्हटलं की थांबायचं," हेमांगीनं बजावलं.

"आणि साच्यापुरतं मिळालं की मी सांगेन, मॅडम."

पहिल्याच थरात तबस्सुमला हसू फुटलं. "हा कोण? उजवा हात आहे आणि नुसती खणाखणी चाललीय. कसला बिगारी हात आहे हो!"

"तो मी आहे," हेमांगी म्हणाली. तबस्सुमनं हसू गिळलं आणि तो थर उडवला.

त्याखाली आई होती. डावा हात, थरथरणारा, शेवटच्या वर्षांतला. खुणा तुटक होत्या. मग थर उडत गेले तशी थरथर कमी होत गेली, हात भरत गेला, आणि आई पडद्यावर हळूहळू तरुण होऊ लागली. मध्ये काही थर जाड लागले. ते दिवाळीचे, अनारशांचे असणार, हेमांगीनं ताडलं. एका जागी खुणाच नव्हत्या, नुसती धूळ बसलेली. अण्णा दवाखान्यात होते तेव्हाचं ते. चूलच पेटली नव्हती. मग पुन्हा हात सुरू. काय सुंदर हात होता तो! मनगट सैल, दाब नेमका, घाईगर्दी नाही. या बाईला कुणी वाकडी म्हटलं होतं. हेमांगी पडद्याला डोळे लावून बसली होती आणि दर थराबरोबर आईचा एकेक काळ उडून जात होता. सांगणार कुणाला, पण तिला एकाच वेळी आई सापडत होती आणि हरवत होती.

"मॅडम, साच्यापुरतं झालं," तबस्सुम हलकेच म्हणाली. "भरपूर झालं. किटण आता थोडंच उरलंय. थांबू?"

शहाण्या माणसानं थांबायला हवं होतं. काम झालं होतं. पण हेमांगीच्या तोंडून निघून गेलं, "अजून थोडं."

आणखी काही थर गेले आणि तबस्सुमच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे बघा काय. हात उजवा झाला."

"मीच असेन."

"नाही, हात मोठा आहे. कमान त्याच हाताची. पण उजवा, आणि अगदी नवखा. इथं अडलाय, इथं सटकलाय. बरेच थर असेच आहेत, वर्षभराचे तरी असतील. यंत्र चुकतंय का, मॅडम? तुमच्या आई मध्येच उजव्या कशाला होतील?"

यंत्र थरांवरून काळ लावायचं. हेमांगीनं पडद्याच्या कोपऱ्यातलं साल पाहिलं. ते तिच्या शाळेतल्या पहिल्या वर्षाचं होतं.

तिला कळलं. कळलं आणि तिनं तोंडावर हात दाबला. दाराआड, जिथं बघणारं कुणी नव्हतं तिथंसुद्धा, आईनं त्या वर्षी डावा हात वापरला नव्हता. पोर रडत उजव्या हातानं घास उचलायची, तेव्हा आत आई उजव्या हातानं थालीपिठं मोडत होती. लेकीचा हात बांधला त्या दिवशी तिनं आपलाही बांधला होता. कुणाला सांगितलं नाही, ठाऊक होतं ते एका उलथन्यालाच.

"मॅडम, पाणी देऊ?"

"नको. पुढचा एक थर घे."

तबस्सुमनं धार सोडली. यंत्र बराच वेळ घुटमळलं. आकृती उमटली, पुसली, पुन्हा उमटली. "डावा आहे," तबस्सुम म्हणाली, आणि पुढं वाकली. "पण इथं एकाच खुणेवर दोन वजनं आहेत. मोठा हात आईंचा, डावा. आणि त्याच्या आत एक आहे. केवढासा आहे बघा! तोही डावाच."

पडद्यावर एका मोठ्या हाताच्या रेघांत एक चिमुकला हात होता, उलथन्याच्या दांड्याला धरलेला, आणि मोठा हात त्याच्यावर अलगद मिटलेला. एकदाच नाही. त्या थरावरच्या बहुतेक खुणा तशाच होत्या, दोघींच्या.

हेमांगीला यातलं काहीच आठवत नव्हतं. काठाची गाठ आठवत होती, सांडलेले घास आठवत होते. हे आठवत नव्हतं. शाळा सुरू व्हायच्या आधी आईनं तिला आत घेतलं होतं. सगळ्या जगाला बाहेर हो म्हणणाऱ्या बाईनं एकाच माणसाला आत येऊ दिलं होतं आणि दोघींनी डाव्या हातानं थालीपिठं उलटली होती. हेमांगी रडली, चांगली मोकळेपणानं रडली, आणि तबस्सुमनं उठून दार लावून घेतलं.

"याच्या खाली अजून आहे, मॅडम," काही वेळानं ती म्हणाली. "नवी नवरी असतानाचं असेल. पुढं जायचं तर हा थर..."

"नाही," हेमांगी म्हणाली. "थांबव. खालचं आईचं आईपाशी राहू दे."

साच्याची आकृती तबस्सुमनं नेजकरांना त्याच दुपारी पाठवली. "बघतो," एवढंच त्यांनी कळवलं, आणि नेजकरांच्या 'बघतो'चा अर्थ कुरकुरत का होईना, हो असाच असतो, हे सगळ्या विभागाला माहीत होतं.

संध्याकाळी हेमांगीनं घरी पीठ मळलं. आईच्या उलथन्याची मान आता काळीभोर राहिली नव्हती. किटण जाऊन तपकिरी पातळ थर तेवढा उरला होता. तो थर कुठला, हे जगात ती आणि तबस्सुम या दोघींनाच ठाऊक होतं. तिनं उलथनं डाव्या हातात घेतलं. हात अवघडला, कुणाचा तरी उसना आणल्यासारखा. पहिलं थालीपीठ मधोमध फाटलं. तिनं तुकडे तसेच उभ्यानं खाल्ले, जीभ भाजली, आणि दुसरं लावलं.

तेवढ्यात दाराबाहेर श्रीधरची पावलं वाजली, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उलथनं तिच्या उजव्या हातात गेलं होतं. तिचं तिलाच कळलं नाही कधी गेलं ते. ती हाताकडं बघत राहिली.

"चहा मिळेल का?" श्रीधरनं बाहेरून विचारलं.

हेमांगीनं उलथनं परत डाव्या हातात घेतलं.

"आत या की," ती म्हणाली.

मग श्रीधर उंबऱ्यावर आला, तिथं जरा घुटमळला, आणि आत येऊन ओट्याशेजारी उभा राहिला. तिच्या हाताकडं त्यानं पाहिलं. तिनं पातं डावीकडून खाली सरकवलं. झिजलेला कोपरा पिठाखाली बिनबोभाट शिरला आणि थालीपीठ उलटलं, एका कडेला किंचित मोडून. उलथन्याची मान तव्याच्या कडेवर टेकली, तिथं तेलाचा थेंब चर्रकन जळाला, आणि हेमांगीनं तो पुसला नाही.